सही न करणारे बारटक्के मास्टर

बारटक्के मास्टरांनी मला कधी नावानं हाक मारली नाही. ते मला 'बत्तीस' म्हणायचे. बत्तीस इंच ही माझी छाती, तीही फुगवून. न फुगवता किती भरते हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, पण शेजारधर्म म्हणून त्यांनी ते चारचौघांत कधी बोलून दाखवलं नाही.

इंदूरला राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत त्यांनी प्रत्येकाची ओळख अशीच लक्षात ठेवली होती. समोरचे वैद्य 'चव्वेचाळीस', वैद्यांचे धाकटे भाऊ 'अडतीस, लेकिन पेट एकेचाळीस'. नवा माणूस गल्लीत शिरला की मास्टर ओट्यावरून त्याला एकदा पुढून आणि एकदा मागून बघायचे आणि आकडा पुटपुटायचे. गळ्यातल्या टेपला हात लावायचे नाहीत. "पहले नाप, फिर बात," हे त्यांचं ब्रीद. बायकांकडे मात्र ते मान वर करून बघत नसत. माझ्या पत्नीशी बोलायचं झालं तर आमच्या तुळशीकडे तोंड करून उभे राहायचे. "वहिनी, बत्तीस ऑफिसला गेले का?" असं ते तुळशीला विचारायचे आणि उत्तर स्वयंपाकघरातून यायचं.

या सवयीपायी लोकांची पंचाईत व्हायची. वैद्यांच्या मुलीला बघायला उज्जैनहून पाहुणे आले होते. पोहे झाले, हवापाणी झालं, तेवढ्यात शेजारी म्हणून बोलावलेले मास्टर म्हणाले, "मुलगा चांगलाय. फक्त डावा खांदा पाऊण इंच खाली आहे, कोट कधी बसणार नाही." मुलाच्या वडिलांनी आधी मुलाचा आणि मग स्वतःचा खांदा चाचपला. लग्न जमलं, पण लग्नाच्या फोटोत नवरदेव उजवीकडे कलून उभे आहेत. वैद्यांचे थोरले काका वारले तेव्हा मास्टर समाचाराला गेले आणि म्हणाले, "बेचाळीसचा माणूस! शेवटी छत्तीसवर आला होता हो!" जमलेल्यांना हसावं की काय कळेना. मास्टर मात्र उपरण्यात तोंड घालून खरोखर रडत होते.

बुशशर्टाचं तर नाव काढायची सोय नव्हती. तेव्हा बुशशर्टाची नवी नवी हवा होती. मी एक शिवून घेतला, तर मास्टर आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी म्हणाले, "भिया, ये कपडा नहीं, उशीचा अभ्रा आहे. खांदा कुठाय? बाही कुठून निघते?" मी तो शर्ट मेव्हण्याला देऊन टाकला.

पण त्यांची सगळ्यात मोठी तऱ्हा वेगळीच होती. मास्टर सही करत नसत. अडाणी होते म्हणून नव्हे. अक्षर मोत्यासारखं होतं. सही करणं त्यांना कमीपणाचं वाटे.

त्याचं मूळ जुनं. मास्टरांचं घराणं संस्थानच्या फौजेबरोबर इंदूरला आलेल्या शिंप्यांचं. फौजेचे कपडे जिथं शिवले जात तिथं मास्टरांचे वडील कापड बेतणारे कटर, त्यांच्यानंतर स्वतः मास्टर. तिथं दोन तऱ्हेची माणसं असत. नोकर होते ते महिन्याला वहीत अंगठा लावून पगार नेत. आणि चार-पाच मानाचे कारागीर असत, त्यांच्यापुढे तबक यायचं. तबकावर रेशमी रुमाल, पैसे रुमालाखाली. मोजायचं नाही, सही करायची नाही. दसऱ्याला वर एक पागोटं. पुढे संस्थान मध्यभारतात विलीन झालं. फौज गेली आणि तबकही गेलं. पन्नाशी उलटलेले, बायको गेलेले, मूलबाळ नसलेले मास्टर कात्री घेऊन पोलोग्राउंडला एका शेटजींच्या शेडमध्ये कामाला लागले.

शेटजींचं नाव मी लिहीत नाही. त्यांचे नातू आता शहरातले भले लोक आहेत. पोलिसांचे, दवाखान्यांचे, चपराशांचे कपडे शिवून द्यायचा सरकारी ठेका त्यांच्याकडे होता. माणूस ओळखण्यात शेटजी मास्टरांपेक्षाही तरबेज. पहिल्या पगाराला मुनीमानं रजिस्टर पुढे केलं, मास्टरांच्या कपाळाला आठी पडली आणि शेटजींनी ती टिपली. "अरे मुनीमजी, मास्टर से क्या साइन करवाना? ये तो घर के आदमी हैं!" असं म्हणून त्यांनी स्टीलच्या थाळीत पैसे ठेवले आणि त्यावर स्वतःचा रुमाल पसरला. त्या रुमालावर मास्टर कायमचे खूश झाले. आमच्या गल्लीतली शेटजींची एक खोलीही त्यांना मिळाली, बिनभाड्याची.

मी त्या वेळी कामगारांच्या भरपाईचे अर्ज जिथं चालत त्या सरकारी कचेरीत कारकून होतो. कागद नसल्यामुळे माणसाचं काय होतं हे रोज बघत होतो. मी मास्टरांना हात जोडून सांगायचो, "मास्टर, सही करा. उद्या काही झालं तर तुम्ही तिथं कामाला होता हे कोण सांगेल?"

"बत्तीस," ते म्हणायचे, "सही नोकर करतो."

शेटजींचा हिशेब साधा होता. कारखान्यांचा कायदा दहा माणसांपासून लागू व्हायचा, म्हणून शेटजी नवावर थांबले होते. रजिस्टरात नऊ नावं, शेडमध्ये तीस माणसं. नवांखेरीज बाकीचे सगळे 'ठेक्याचे', म्हणजे कागदोपत्री कुणीच नव्हेत. मास्टर तेवढे एकटे 'घर के आदमी', निदान मला तेव्हा तसं वाटत होतं. इन्स्पेक्टर यायचे झाले की वर्दी आधी पोचायची आणि वीस शिंपी मागच्या दारानं शेजारच्या मारुतीच्या देवळात जाऊन बसायचे. भर दुपारी, टाळ नाही, मृदंग नाही, गळ्यात टेपा, आणि भजन चाललंय! एकदा इन्स्पेक्टर कौतुकानं दर्शनाला थांबले, तेव्हा त्या मंडळींना तासभर खरंच भजन म्हणावं लागलं. मास्टर त्या वेळी शेटजींच्या गादीवर पाहुणे म्हणून चहा पीत बसायचे.

शिवणाऱ्यांसाठी मास्टरांचा एक दंडक होता. कपडा बिघडला तर तो ज्याच्या हातचा त्याच्याकडेच परत गेला पाहिजे. म्हणून प्रत्येकाला त्यांनी दोऱ्याची खूण नेमून दिली होती. पँटच्या कमरपट्ट्याच्या आत, मागच्या शिवणीपाशी, कुणाचे तीन हिरवे टाके, कुणाची निळी फुली. भेरूलालची खूण दोन पिवळे टाके आणि मध्ये एक लाल.

भेरूलाल इंदूरजवळच्या बेटम्याचा. चाळिशीचा, दोन मुलींचा बाप, अबोल माणूस. पँट शिवण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. मास्टरांचा तो एकटाच मित्र म्हटला तरी चालेल, कारण मास्टर बोलत आणि तो ऐके.

त्या वर्षी शेटजींनी कापड कापायचं विजेचं यंत्र आणलं. मास्टरांनी त्याला हात लावायचं नाकारलं. "कात्री हाताचं ऐकते. हे कुणाचं ऐकणार?" शेटजींनी मग भेरूला यंत्रावर उभं केलं. तिसऱ्या आठवड्यात त्या पात्यानं भेरूच्या उजव्या हाताची चार बोटं नेली.

शेटजी त्याला स्वतःच्या मोटारीतून दवाखान्यात घेऊन गेले. आठ दिवस रोज माणूस पाठवला, नवव्या दिवसापासून पाठवला नाही. भेरूनं आमच्या कचेरीत भरपाईचा अर्ज केला, तेव्हा शेटजींकडून उत्तर आलं. ते उत्तर मीच फायलीला लावलं, म्हणून मला तोंडपाठ आहे. भेरूलाल नावाचा कोणताही इसम आमच्याकडे कामास नाही. सदर इसम मास्टरांना भेटावयास आला असता त्याने कुतूहलाने यंत्रास हात लावला.

त्या संध्याकाळी मास्टर ओट्यावर बसले होते. गल्लीतून तीन माणसं गेली, पण त्यांनी एकाचाही आकडा पुटपुटला नाही. मी जवळ जाऊन बसलो.

"बत्तीस," ते म्हणाले, "रजिस्टरात नाव नसलं तर माणूस गेलाच का कामातून?"

अर्जदाराच्या बाजूच्या माणसाशी मी बोलणंही बरोबर नव्हतं. नोकरी सरकारी, बायको, दोन मुलं, बदलीची भीती. मी इकडेतिकडे बघितलं आणि हळूच सांगितलं, "गेला नाही. नाव लिहायचं काम मालकाचं. त्यानं लिहिलं नाही म्हणून मजुराचा हक्क बुडत नाही. पण तो तिथं कामाला होता हे दाखवता आलं पाहिजे. शेडमधले लोक बोलतील?"

"कौन बोलेगा? सगळ्यांना पोट आहे."

"मग वस्तू दाखवा. काहीतरी असेल की त्याच्या हातचं."

मास्टर माझ्याकडे बघत राहिले. मग ताडकन उठले आणि चपला न घालता गल्लीबाहेर गेले.

दुसऱ्या दिवसापासून इंदूरच्या पोलिसांवर संकट कोसळलं. मास्टर चौकाचौकांत शिपायांच्या मागे फिरू लागले. भेरूनं शिवलेल्या शेकडो पँटी शहरभर ड्यूटीवर उभ्या होत्या. त्यातली एक मिळाली तरी पुरे होती. "जमादार, जरा पट्टा उलटा करके दिखाओ," असं ते भर रस्त्यात अदबीनं म्हणायचे. सराफ्याच्या तोंडाशी एका शिपायानं शिटी वाजवायची सोडून दोन्ही हातांनी पँट धरली आणि दोन टांगे एकमेकांत अडकले. तिसऱ्या दिवशी मास्टरांना धरून चौकीवर नेलं. निरोप माझ्या घरी आला. मी घाबरत घाबरत गेलो, तर मास्टर बाकावर बसलेले आणि समोरचे हवालदार त्यांच्या पाया पडत होते.

"अडतीस!" मास्टर मला म्हणाले. "संस्थानच्या फौजेत होता. याचा पहिला कोट माझ्या हातचा. अब चालीस हो गया है."

हवालदारांनी सगळं ऐकून घेतलं. स्टोअरमध्ये जुन्या, रद्द केलेल्या पँटींचा ढीग पडला होता. वरच्या साहेबांना विचारून त्यांनी तो मास्टरांपुढे टाकला. मास्टरांनी तासभर एकेक पट्टा उलटा करून बघितला आणि दोन पँटी बाजूला काढल्या. हवालदारांनी त्या कोणत्या स्टोअरमधून दिल्या ते चिठ्ठीवर लिहून दिलं. घरी येताना मास्टर वाटभर त्या पँटी छातीशी धरून चालले होते.

शेटजींना हे कळायला वेळ लागला नाही. सुनावणीच्या आदल्या दिवशी दिवेलागणीला ते स्वतः मास्टरांच्या खोलीवर आले. आमची भिंत लागून होती. मी कान लावला नव्हता, असं म्हणालो तर ते खोटं होईल.

"मास्टर, घर की बात घर में रहने दो," शेटजी गोड आवाजात म्हणत होते. "भेरू को मैं देख लूँगा. आप बस इतना कहना, मिलने आया था."

मग शेटजींचा आवाज बदलला.

"खोलीचंही बघावं लागेल मग. आणि मास्टर, रजिस्टर की बात निकली तो किस पे आएगी, सोच लो. मी तोंड उघडलं तर भेरू आपका मुँह नहीं देखेगा."

मोटार गेल्यावर मी दारात जाऊन उभा राहिलो. मास्टर भिंतीकडे तोंड करून बसले होते. शेटजी शेवटी काय म्हणाले त्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. विचारायचा धीरही झाला नाही. एवढंच दिसलं की मास्टर अतिशय घाबरलेले आहेत, आणि खोली जाण्याचं ते भय नव्हे.

सुनावणीची तारीख पुढे ढकलून चालणार नव्हतं. त्या दिवसांत मध्यभारताचं सरकार सहा महिने इंदूरला आणि सहा महिने ग्वाल्हेरला असायचं. भरपाईचे निकाल देणारे आमचे साहेबही त्याबरोबर जायचे. फायलींच्या पेट्या बांधून तयार होत्या. आज निकाल लागला नाही तर भेरूला एका हातानं तारखा गाठत ग्वाल्हेरच्या वाऱ्या कराव्या लागल्या असत्या, आणि तो त्या करू शकला नसता. शेटजींच्या वकिलांनी आल्या आल्या तारीखच मागितली. साहेब मूळचे ग्वाल्हेरचे मराठी, शिस्तीचे. त्यांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "आज."

मी जबान्या लिहून घ्यायला बसलो होतो. सकाळीच शेटजींच्या माणसानं मास्टरांच्या खोलीला कुलूप घातलं होतं आणि मास्टरांची ट्रंक आमच्या घरात होती. हे साहेबांना कळलं तर माझं काय होईल, हा विचार डोक्यातून जात नव्हता. मला आज त्याची लाज वाटते.

मास्टर उभे राहिले. साहेबांना मुजरा केला. सवयीनं पुटपुटले, "चालीस, गर्दन छोटी." साहेबांनी विचारलं, "काय म्हणालात?" मी घाईघाईनं म्हणालो, "नाव सांगताहेत, साहेब."

मास्टरांनी टेबलावर दोन्ही पँटी उलट्या पसरल्या, हवालदारांची चिठ्ठी ठेवली आणि खुणा दाखवल्या. दोन पिवळे, एक लाल. शेडमधल्या प्रत्येकाची खूण कोणती ते सांगितलं. मालकाच्या शेडमधून सरकारला गेलेल्या मालावर भेरूचा हात आहे, हे आता कुणालाही दिसत होतं.

वकील हसले. "साहब, ये टाँके तो कल रात भी डाले जा सकते हैं. सुई-धागा इनके घर का है."

मास्टरांनी खिशातून सुई काढली. "सरकार, इजाजत असावी." त्यांनी सुईच्या टोकानं लाल टाका उचलला आणि अलगद ओढून काढला. पँटची खाकी धुऊन धुऊन पांढुरकी पडली होती. पण टाक्याच्या खाली, दोऱ्याएवढ्या रेघेत, कापड नव्यासारखं गडद होतं. "कल रात डाला होता, तो नीचे भी रंग उड़ा हुआ होता," मास्टर म्हणाले. साहेबांनी चष्मा काढून ती रेघ बघितली. मग पँट वकिलांकडे सरकवली. वकिलांनी ती बघितली नाही.

त्यांनी दुसरा कागद काढला. "ठीक है. इसने सिलाई की होगी, ठेके पर. नौकर नहीं था. दोन वर्षांपूर्वी एक कारागीर सोडून गेला, रजिस्टरात जागा झाली, मुनीमजींनी स्वतः याला सही करायला सांगितलं होतं. यानं ना म्हटलं. विचारा त्याला."

साहेब भेरूकडे वळले. "खरं आहे?"

भेरूनं पट्टी बांधलेला हात दुसऱ्या हातात धरला होता. त्यानं एकदा मास्टरांकडे बघितलं. "हाँ साब. म्हने ना की थी."

"का?"

भेरू बोलेना. साहेबांनी परत विचारलं. भेरू जमिनीकडे बघत राहिला. शेटजी खुर्चीत मागे टेकले. मला वाटलं, संपलं. बोटं गेली आणि आता हेही गेलं.

"त्याला विचारू नका, सरकार," मास्टर म्हणाले. "ना मी म्हणायला लावलं."

मी लिहायचं थांबलो. साहेब म्हणाले, "लिहा."

"मी त्याला म्हणालो, सही नोकर करतो. तू कारागीर आहेस, घर का आदमी हो जा. मी शेटजींनाही सांगितलं, ते लगेच हो म्हणाले." मास्टर सांगताना अडखळत होते. "पण ते खरं कारण नव्हे. दिवाळीच्या पाडव्याला शेटजींकडे जेवण असतं. रजिस्टरवाल्यांना फाटकात मिठाईचा डबा मिळतो. घरच्या माणसाला हवेलीत पान वाढतात. घरचा म्हणून मी एकटाच, सरकार. पंगत आत बसायची आणि माझा पाट बाहेर ओसरीत मांडायचे. आतून हसण्याचा आवाज यायचा. वाढपी एकदा वाढून गेला की परत यायचा नाही. दोन दिवाळ्या मी तसा एकटा जेवलो. घरी गेलो तर तिथंही कुणी नाही. मला वाटलं, भेरू घरचा झाला तर ओसरीत दुसरा पाट पडेल. पडला. दोन वर्षं आम्ही शेजारी शेजारी जेवलो. तेवढ्यासाठी त्याचं नाव मी घालवलं."

मास्टरांनी भेरूकडे बघितलं नाही. मीही कुणाकडे बघू शकलो नाही. कागदावर शाई सांडली होती, ती टिपकागदानं टिपत बसलो.

साहेबांनी टेबलावरच्या पँटी बाजूला सरकवल्या. मग भेरूला म्हणाले, "यंत्र कुणाचं होतं?"

"सेठजी को."

"कापड?"

"सेठजी को."

"किती वाजता यायचं, किती वाजता जायचं, हे कोण सांगायचं?"

"सेठजी."

साहेब वकिलांकडे वळले. "मग नाव का लिहिलं नाही हा प्रश्न शेटजींनी स्वतःला विचारायचा. आणि यानं 'ना' म्हटलं काय किंवा लिहून दिलं असतं काय, भरपाईचा हक्क मजुराला सोडून देता येत नाही. कायद्यात तशी सोयच नाही." तिथंच त्यांनी निकाल सांगितला आणि मी तो लिहून घेतला. भेरूची पूर्ण भरपाई कचेरीत जमा करायची, आणि शेडमधल्या प्रत्येक माणसाचं नाव रजिस्टरात चढलं का, ते आगाऊ वर्दी न देता तपासायचं. शेटजी उठून बाहेर गेले.

मी जबानीचा कागद मास्टरांपुढे ठेवला आणि म्हणालो, "सही करावी लागेल, मास्टर." मला वाटलं होतं, कुरकुर करतील. त्यांनी टाक घेतला आणि पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट.

मधल्या सुट्टीत मी डबा घेऊन बाहेर आलो. आवारातल्या कडुलिंबाखाली मास्टर आणि भेरू बसले होते. दोघांत हातभर अंतर होतं. मी जरा लांबच उभा राहिलो.

"कई नी मास्टर," भेरू झालं गेलं सोडून देत म्हणाला. "वई गयो सो वई गयो. अब चलो बेटमा. खोली तो गई थाँकी."

मास्टर म्हणाले, "मी कशाला तुझ्या घरी? क्या मुँह लेके?"

भेरूनं डाव्या हातानं आणि दातानं फडकं सोडलं. आत ज्वारीच्या रोट्या, लसणाची चटणी आणि कांदा. फडकं दोघांच्या मध्ये पसरलं, पण त्यानं घास घेतला नाही. आवारात चपराशी होते, वकील होते, अर्जदार होते. त्याचा उजवा हात पट्टीत होता. घरी बायको भरवत असेल. इथं इतक्या लोकांसमोर डाव्या हातानं कसं खायचं, म्हणून तो भुकेला बसून राहिला. मला ते कळायला एक क्षण लागला. मास्टरांना लागला नाही.

त्यांनी आपला उजवा हात मांडीखाली घातला आणि डाव्या हातानं रोटी मोडली. ती नीट मोडेना. तुकडा चटणीत बुडवताना अर्धा खाली पडला आणि चटणी हनुवटीला लागली. चाळीस वर्षं कात्री चालवलेला माणूस एक घास तोंडापर्यंत नेताना घामाघूम झाला. भेरू बघत राहिला. मग त्याला हसू फुटलं. महिन्यात मी त्याला पहिल्यांदाच हसताना बघितलं. त्यानंही डावा हात पुढे केला.

आमचा चपराशी तिथून चालला होता. तो ओरडला, "अरे मास्टर! उल्टे हाथ से? छी छी!"

"पंगत बसली आहे," मास्टर तोंडातल्या घासासकट म्हणाले. "बीच में मत बोल."

कचेरीची खिडकी उघडी होती आणि साहेब तिथं उभे होते. मी डबा उघडला, उजवा हात खिशात घातला आणि त्या दोघांच्या शेजारी जाऊन बसलो.